कुणाला विचारायचे?

दहावीचा निकाल लागला की मीरा रोडच्या आमच्या पूनम सागरमध्ये दोन ठिकाणी गर्दी होते. एक मिठाईच्या दुकानात आणि दुसरी सायबर कॅफेत. मिठाईची गर्दी दुसऱ्या दिवशी ओसरते. सायबर कॅफेतली रांग मात्र महिना-दीड महिना हटत नाही. अकरावीचे प्रवेश मुंबई परिसरात २००९ मध्ये ऑनलाइन झाले आणि २०२५ मध्ये ती पद्धत साऱ्या राज्यात आली. चांगलेच झाले. खेटे कमी झाले, वशिला कमी झाला. पण अर्जात शाखा लिहावी लागते, पसंतीक्रम लिहावा लागतो. मुलगा बावरलेला असतो, आई गुणपत्रिकेची पिशवी घट्ट धरून उभी असते, बाप ड्युटीवर असतो. संगणकासमोर बसलेला दुकानदार विचारतो, "सायन्स टाकू की कॉमर्स?" आई म्हणते, "भाई, तुम्हाला जे बरं वाटेल ते टाका."

दुकानदार वाईट माणूस नाही. गरिबाकडून तो कधी कधी पैसेही घेत नाही. पण एका मुलाच्या पुढच्या चाळीस वर्षांचा निर्णय तो तीन मिनिटांत करून टाकतो, कारण त्या घराला विचारायला दुसरे कुणी नसते. हे 'दुसरे कुणी' कोण असावे, ते कुणी पुरवावे, याविषयी मला चार शब्द लिहायचे आहेत.

मी मूळची रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्याची. आमच्या लहानपणी करिअर मार्गदर्शन हा शब्द गावात कुणी ऐकला नव्हता. पण मार्गदर्शन होते. ते दुबईहून, कुवेतहून, सौदीहून येत असे. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखाती देशांत बांधकामे निघाली आणि आमच्या कोकणातल्या घराघरांतून माणसे निघाली. आधी जहाजावर जाणारे होतेच, आता विमानाने जाणारे झाले. कुणाचा मामा, कुणाचा चाचा, कुणाचा बहनोई तिकडे असे. त्याचे पत्र येई, "पोराचा पासपोर्ट करून ठेवा. व्हिसा पाठवतो." एवढ्यावर पोराचे भवितव्य ठरे. तो सुतार होणार की ड्रायव्हर, हे त्याच्या हाताला काय येते यावरून ठरत नसे. व्हिसावर काय छापून आले आहे यावरून ठरे.

आज मोठमोठ्या परिषदांत 'मार्गदर्शनातील आंतरराष्ट्रीय सहकार्य' असा विषय असतो. तो वाचला की मला आमच्या ओटीवरची ती निळ्या रंगाची हवाई पत्रे आठवतात. आमचेही ते आंतरराष्ट्रीय सहकार्यच होते, फक्त ते नात्यातले होते. त्या सहकार्याने कौलांच्या जागी स्लॅब आले, बहिणींची लग्ने झाली, मुली शाळेत टिकल्या. त्याला नावे ठेवणे मला जमणार नाही. पण ज्याचा मामा तिकडे नव्हता त्याचे काय? त्याने एजंटाचे पाय धरले. शेतीचा तुकडा गहाण पडला. परदेशी मजुरीला जाणाऱ्यांसाठी १९८३ साली देशात उत्प्रवास कायदा झाला, कमी शिकलेल्यांना सरकारी मंजुरी सक्तीची झाली. पुढे दहावी पास असणाऱ्यांना ही मंजुरी लागेनाशी झाली, तेव्हा आमच्या कितीतरी मुलांच्या लेखी दहावीचा अर्थ एवढाच उरला, की पासपोर्टवरची एक अडचण टळते! शाळेने त्यांना याहून मोठा अर्थ सांगितलाच नाही.

माझी गोष्ट थोडी वेगळी घडली. मराठी शाळेत आम्हाला एक बाई होत्या. दहावीनंतर त्या आमच्या घरी आल्या, अब्बांसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "मुलगी चांगली शिकवील. डी.एड.चा फॉर्म मी आणला आहे." अब्बा आधी गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, "कॉलेज कुठं आहे? राहायचं कुठं? नोकरी लागते का?" बाईंनी तिन्ही प्रश्नांची उत्तरे दिली. त्या उत्तरांवर माझे सारे आयुष्य उभे आहे. तीस वर्षे मी मुंबईत पालिकेच्या शाळेत शिकवले, पेन्शन घेते, स्वतःच्या नावाच्या घरात राहते. माझ्याच वर्गात माझ्याहून हुशार दोघी होत्या. त्यांच्या ओटीवर कुणी बाई गेल्या नाहीत. म्हणजे मला मिळाले ते नशिबाने मिळाले. जे एकीला नशिबाने मिळते ते सगळ्यांना हक्काने कसे मिळेल, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

मीरा रोडला आम्ही १९९२-९३ च्या दंगलीनंतर आलो. मुंबईतून तेव्हा हजारो मुस्लिम कुटुंबे मुंब्र्याला आणि मीरा रोडला आली. भाईंदरची मिठागरे ओलांडून नव्या इमारती उठत होत्या. इथे कोकणी भेटले, मराठवाड्यातले भेटले, दखनी बोलणारे भेटले, उत्तर प्रदेशातले भेटले. एकमेकांच्या घरी खीरखुर्मा गेला, मुले एकत्र वाढली. पण एक गोष्ट तुटली. गावात, मोहल्ल्यात जो जाणता माणूस होता, ज्याच्याकडे मुलाला घेऊन जाता येत होते, तो मागे राहिला. इमारतीत शेजारी असतो, पण तोही आपल्यासारखाच नवा, आपल्यासारखाच चाचपडणारा.

त्यातच आखाताची वाटही बदलली. सौदी अरेबियाने २०११ मध्ये 'निताकत' धोरण आणले. कंपन्यांनी आपल्याच देशाच्या लोकांना किती नोकऱ्या द्याव्यात याचे प्रमाण ठरवून दिले. २०१३ मध्ये त्याची कडक अंमलबजावणी झाली आणि अनेकांना परतावे लागले. मामाचा व्हिसा आटला. ज्या समाजाचे सारे मार्गदर्शन नात्यातल्या एका माणसावर टांगलेले असते, त्या समाजाचे असे होते. एका परक्या राजधानीत एक कागद निघतो आणि इकडे मीरा रोडमधल्या घरातला पोरगा दिशाहीन होतो.

निवृत्तीनंतर माझ्याकडे मुले येऊ लागली. "टीचर, जरा बघा ना," म्हणत गुणपत्रिका पुढे करतात. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी आली. नाव लिहीत नाही. बारावी कॉमर्स, गुण चांगले. म्हणाली, "टीचर, मला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायचं आहे. रक्त तपासतात तसं." मी विचारले, मग कॉमर्स का घेतलेस? म्हणाली, "कॉलेज जवळ होतं आणि मैत्रिणींनी तेच टाकलं होतं." प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाला बारावी विज्ञान लागते, हे तिला कुणी सांगितले नव्हते. तिची गरिबी आड आली नव्हती, अम्मी-अब्बांचा विरोधही नव्हता. एक वाक्य आड आले, जे तिच्यापर्यंत वेळेवर पोहोचले नाही. सधन घरातल्या मुलाला असली वाक्ये हवेसारखी मिळतात. जेवताना मिळतात, लग्नात मिळतात, वडिलांच्या मित्रांकडून मिळतात. त्याला ती मिळाली हे त्याला कळतही नाही. म्हणूनच 'हुशार मूल आपली वाट आपणच काढते' असे म्हणणारे लोक बहुधा त्याच घरांतले असतात.

हे मी एकटीच म्हणते असे नाही. जगाने हे केव्हाच ओळखले आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९४९ सालीच व्यवसाय मार्गदर्शनाविषयी एक शिफारस मंजूर केली होती. १९७५ साली त्याच संघटनेचा १४२ क्रमांकाचा करार झाला. त्याचा आशय असा, की सदस्य देशाने व्यवसाय मार्गदर्शनाचे आणि प्रशिक्षणाचे धोरण आखावे, ते रोजगाराशी जोडावे आणि ही सेवा हळूहळू वाढवत सर्व मुले, तरुण आणि प्रौढ यांच्यापर्यंत न्यावी. भारताने मार्च २००९ मध्ये या कराराला मान्यता दिली. म्हणजे मार्गदर्शन हे कुणाचे उपकार नाहीत. ते आपल्या देशाने जगासमोर मान्य केलेले कर्तव्य आहे. आपल्या किती पालकांना, किती नगरसेवकांना, किती मुख्याध्यापकांना हे माहीत असेल?

१९९९ मध्ये कॅनडातील ओटावा येथे या विषयावर पहिली आंतरराष्ट्रीय बैठक भरली. पुढे व्हँकुव्हर, सिडनी, सोल, नॉर्वेतले ट्रॉम्सो अशा ठिकाणी त्या भरत गेल्या. या बैठकांचे वेगळेपण असे, की तिथे समुपदेशक एकटे येत नाहीत. धोरण ठरवणारे अधिकारीही त्यांच्या शेजारी बसतात. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २००१ पासून चौदा देशांची पाहणी केली आणि २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जागतिक बँकेने तशीच पाहणी आणखी सात देशांत केली. श्रीमंत देशांतही दिसले ते आपल्या ओळखीचेच होते. सेवा मोजक्या लोकांना मिळते, आयुष्याच्या मोजक्याच वळणांवर मिळते आणि गरज ज्याला जास्त त्याच्यापर्यंत ती कमी पोहोचते. फिनलंडसारख्या देशात मात्र सातवी ते नववीच्या वेळापत्रकातच मार्गदर्शनाचे तास आहेत आणि त्यासाठी प्रशिक्षित शिक्षक आहे. तिथल्या मुलीला बाई घरी येण्याची वाट पाहावी लागत नाही.

आपल्याकडे काहीच नव्हते असेही समजू नये. देशात या कामाची सुरुवात झाली त्यात मुंबई पुढे होती. १९४१ मध्ये इथे बाटलीबॉय यांचे खाजगी मार्गदर्शन केंद्र निघाले, १९४७ मध्ये पारशी पंचायतीने स्वतःचे केंद्र काढले आणि १९५० मध्ये मुंबई सरकारने आपले केंद्र सुरू केले. पारशी पंचायतीचे उदाहरण मला फार बोलके वाटते. संख्येने एवढासा समाज, पण आपल्या मुलांनी काय शिकावे, कुठे जावे, हे शास्त्रीय पद्धतीने सांगणारी संस्था त्यांनी देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी उभी केली. आपल्याकडे अंजुमन-ए-इस्लामने १८७४ पासून शाळा काढल्या, त्या शाळांनी पिढ्या घडवल्या. शाळा काढण्याची परंपरा आपल्याला आहे. शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाचे बोट धरण्याची परंपरा मात्र कमी पडली.

२००६ मध्ये दोन दस्तऐवज आले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी करिअर मार्गदर्शनाची पुस्तिका काढली आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला सच्चर समितीचा अहवाल संसदेत मांडला गेला. पहिल्याची आपल्या समाजात चर्चा झाली नाही, दुसऱ्याची खूप झाली. पण मला दोन्ही एकत्र ठेवून वाचावेसे वाटतात. आपली मुले मदरशातच जातात, हा समज सच्चर समितीने खोटा ठरवला. मदरशात शिकणारी मुले तीन-चार टक्क्यांच्या आतबाहेर निघाली. बाकीची साध्या शाळांत जातात आणि मधेच गळतात. का गळतात, याचे एक कारण समितीला लोकांकडूनच ऐकायला मिळाले : शिकूनही नोकरी मिळत नाही, मग शिकायचे कशाला? महाराष्ट्रात महमूदुर रहमान समितीने २०१३ मध्ये आपला अहवाल दिला, त्यातही आपल्या समाजाचे मागासलेपण आकड्यांनिशी आले आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. मार्गदर्शनाने सारे प्रश्न सुटत नाहीत. अर्जावरचे नाव वाचून अर्ज बाजूला ठेवणारा मालक असेल, तर त्या मुलाला कितीही उत्तम सल्ला दिला तरी दार बंदच राहते. म्हणूनच सच्चर समितीने समान संधी आयोग सुचवला होता. मार्गदर्शन आणि न्याय ही दोन वेगळी कामे आहेत, एकाच्या नावाखाली दुसरे टाळता येणार नाही. तसेच, मार्गदर्शन म्हणजे गरिबाच्या पोराला आयटीआयचा दरवाजा दाखवून मोकळे होणे नव्हे. आयटीआय चांगलाच आहे. हाताच्या कामाची मला लाज नाही, माझे अर्धे गाव त्यावर जगले. पण गॅरेजवाल्याच्या मुलाला गॅरेजच दाखवायचे असेल तर त्याला सल्लागार कशाला हवा? खरा सल्लागार आधी विचारतो आणि मग सांगतो.

सरकारनेही अलीकडे बरेच केले आहे. २०१५ मध्ये केंद्राने राष्ट्रीय करिअर सेवा सुरू केली. २०१६ पासून काही वर्षे महाराष्ट्रात दहावीच्या मुलांची कल चाचणी झाली. कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कुठे आहे ते तीत पाहिले जाई. २०२० मध्ये युनिसेफच्या मदतीने राज्याने महाकरिअर पोर्टल काढले, नववी ते बारावीच्या मुलांसाठी. २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर अशांना भाषा शिकवून तिकडे पाठवण्याची ती योजना. म्हणजे एकेकाळी आमच्या ओटीवर मामाच्या पत्रातून येणारे आंतरराष्ट्रीय सहकार्य आता शासनाच्या निर्णयातून येते आहे. ही प्रगतीच आहे.

पण जर्मनीच्या कराराबद्दल मी आमच्या इमारतीत विचारले तेव्हा चौदा घरांपैकी एकाच घराला ते माहीत होते, आणि त्या घरालाही एका एजंटाने सांगितले होते! पोर्टल आहे, पण ते उघडून कुणाबरोबर बसायचे? मुलाने 'ऑप्टोमेट्री' हा शब्द वाचला, तर तो काय काम करतो, त्याला किती खर्च येतो, आमच्यातले कुणी ते करते का, हे कोण सांगणार? माहिती आणि मार्गदर्शन यांत फरक आहे. माहिती पडद्यावर मावते. मार्गदर्शनाला समोर बसलेला माणूस लागतो, जो अब्बांच्या तीन प्रश्नांची उत्तरे देईल. कॉलेज कुठे आहे, राहायचे कुठे, नोकरी लागते का. पन्नास वर्षांत प्रश्न बदललेले नाहीत.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक माध्यमिक शाळेला, निदान चार शाळांना मिळून, एक प्रशिक्षित मार्गदर्शक द्या. तो नववीतच मुलांना भेटू दे, निकालानंतर नव्हे. पोर्टलवरची माहिती मराठीत, उर्दूत, सोप्या भाषेत छापून वाचनालयात, महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात ठेवा. परदेशी पाठवण्याचे सरकारी करार असतील तर त्यांची खात्रीची माहिती एजंटाच्या आधी वस्तीत पोहोचू दे. आणि समाजाने आपल्या परीने जे करता येते ते करावे. आम्ही काही जणांनी पूनम सागरमध्ये रविवारी दोन तास बसायला सुरुवात केली आहे. सोसायटीचे ऑफिस, सहा खुर्च्या, एक वही. एक नर्स येते, एक बँकेतला तरुण येतो, रेल्वेतला एक इलेक्ट्रिशियन येतो. भाषण कुणी करत नाही. मुले विचारतात, हे सांगतात. ज्याला उत्तर येत नाही तो तसे म्हणतो आणि पुढच्या रविवारी शोधून आणतो. हे सरकारी सेवेला पर्याय नाही, हे आम्ही जाणून आहोत. सहा खुर्च्यांत मीरा-भाईंदर मावत नाही. सरकारी माणूस येईपर्यंत मुलांची वर्षे मात्र थांबत नाहीत.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी शेजारच्या विंगमधले एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. बावीस वर्षे कुवेतला ड्रायव्हर होते, आता कायमचे परतले. मुलाचे बोलणे झाले, तो उठला, पण ते बसूनच राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "टीचर, हे मार्गदर्शन फक्त पोरांनाच असतं का? माझं वय बावन्न. घरी बसून छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं. मला अरबी बोलता येतं, मोठी गाडी चालवता येते, हिशोब येतो. यातलं काही इथं चालेल का?" मला त्या कराराचे कलम आठवले. मुले, तरुण आणि प्रौढ. जिनिव्हात बसलेल्या लोकांनी १९७५ सालीच या गृहस्थांचा विचार करून ठेवला होता, आमच्या वहीत मात्र त्यांच्यासाठी रकाना नव्हता. रेल्वेतल्या इलेक्ट्रिशियनने त्यांना जवळ बोलावले आणि पहिला प्रश्न विचारला, "लायसन्स इथलं चालू आहे ना, चाचा?" त्या दिवशी आमची बैठक दोन तासांच्या जागी साडेतीन तास चालली. आता वहीत प्रौढांचे वेगळे पान आहे आणि त्यावर अकरा नावे आहेत.